तीन आठवड्यांची डोकेदुखी

आशाताई, समुपदेशक आणि सभेला आलेल्या बंधुभगिनींनो,

बुरशी निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला नवी नाही. वखारीतल्या तंबाखूला ओल लागली की ती धरते. आपल्या उष्ण, दमट हवेत तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे रोज शरीरात जातात आणि धडधाकट शरीर त्यांना जागच्या जागी थोपवते. या कामात ज्या सीडी४ पेशींचा मोठा वाटा असतो, त्याच पेशी एचआयव्ही नष्ट करतो. रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे त्यांची संख्या २००च्या खाली गेली की ज्या बुरशीने एरवी काहीच बिघडले नसते, तीच जिवावर उठते.

पहिली खूण बहुधा तोंडात दिसते. जिभेवर आणि टाळ्यावर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर येतो. घरात ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद दिला जातो आणि त्यात महिना निघून जातो. घास गिळताना छातीत दुखू लागले, तर ती बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता असते.

परंतु आज मला मुख्यतः डोकेदुखीविषयी बोलायचे आहे. क्रिप्टोकॉकस ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आणि मातीत आढळते. फुप्फुसातून ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते, आणि तेही इतक्या संथपणे की रुग्ण दोन-तीन आठवडे डोकेदुखीची गोळी घेत कामावर जात राहतो. ताप बारीक असतो, मान आखडेलच असे नाही. मग उलट्या होतात, नजर धूसर होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि कोणीतरी त्याला देवाधर्माकडे नेतो. या वळणावर गेलेला प्रत्येक दिवस महाग पडतो.

निदानासाठी पाठीतून पाणी काढावे लागते, आणि इथेच नातेवाईक हात आखडता घेतात. ‘पाठीत सुई घातली की माणूस लुळा होतो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर सविस्तरच द्यायला हवे. पाठीचा मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली ही सुई घालतात. शिवाय या आजारात ते पाणी काढणे हा उपचारही आहे, कारण बुरशीमुळे डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढलेला असतो आणि थोडे पाणी काढताच डोके हलके झाल्याचे रुग्ण स्वतः सांगतो. दाब पुन्हा वाढला, तर पुन्हा काढावे लागते.

ही वेळ येण्याआधीच आजार पकडता येतो. सीडी४ १००च्या खाली असलेल्यांच्या रक्ताची क्रिप्टोकॉकल अँटीजन चाचणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पट्टीवरची ही चाचणी काही मिनिटांत होते. मेंदूज्वर झालाच, तर २०२२ पासून संघटनेने लिपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोलच्या गोळ्या ही पद्धत सुचवली आहे.

उष्ण प्रदेशांतल्या आणखी दोन बुरश्या, हिस्टोप्लाझ्मा आणि टॅलेरोमायसिस, क्षयासारख्या भासतात. दुसरी आपल्या देशात मुख्यतः मणिपूर व आसपास आढळते. तिथे राहून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मध्यभागी खळगा असलेल्या पुळ्या उठल्या, तर तो प्रवास डॉक्टरांना सांगायलाच हवा.

सांगणे मात्र आपल्याकडे अवघड आहे. गावात कळू नये म्हणून चिकोडीचा माणूस मिरजेला किंवा कोल्हापूरला जाऊन एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या आणतो. पुढे डोके दुखते तेव्हा तो गावातल्याच दवाखान्यात जातो आणि त्या गोळ्यांविषयी अवाक्षर काढत नाही. मी त्याला दोष देत नाही, कारण ही भीती आपणच घातली आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाच्या माहितीला गुप्ततेचे संरक्षण दिले आहे. ते आशाताईंनी घरोघरी सांगावे, आणि १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही द्यावा.

शेवटची गोष्ट गोळ्या मध्येच सोडलेल्यांची. असा माणूस परत आला की त्याच दिवशी गोळ्या सुरू कराव्यात असे आपल्याला वाटते, आणि एरवी ते योग्यच असते. पण त्याचे डोके दुखत असेल, तर आधी क्रिप्टोकॉकसची तपासणी व्हायला हवी. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर निघाला, तर बुरशीवरचे उपचार आधी सुरू करून एआरटी चार ते सहा आठवडे थांबवतात. कारण एआरटीमुळे प्रतिकारशक्ती एकाएकी जागी झाली, तर मेंदूभोवतीची सूज वाढून जीव धोक्यात येतो. ‘डॉक्टर गोळ्याच देत नाहीत’ म्हणून घरचे लोक रुग्णाला उठवून नेऊ लागले, तर हे कारण त्यांना तिथेच, त्यांच्या भाषेत समजावून सांगा.