सीएमएसमध्ये आयडी: साधा नंबर की यूयूआयडी?

नमस्कार मंडळी! सीएमएस म्हणजे वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली. आज तिच्या डेटाबेसमधल्या फक्त एका कॉलमबद्दल बोलू, आयडीच्या.

(स्क्रीनवर: डावीकडे स्टेजिंग, म्हणजे चाचणीची साइट, उजवीकडे लाइव्ह साइट)

डावीकडे बघा. स्टेजिंगवर ‘संपर्क’ पान बनवलं, आयडी मिळाला ५८. दरम्यान लाइव्हवर संपादकांनी एक बातमी टाकली, तिलाही ५८. आपापल्या डेटाबेसमध्ये दोन्ही बरोबर. आता पान लाइव्हवर नेलं, तिथे त्याला ६१ मिळाला. पण सोबत आलेला मेन्यू अजून ५८ लाच धरून बसलाय. लोक ‘संपर्क’ दाबतात आणि उघडते बातमी! एरर कुठेच नाही, म्हणून लवकर लक्षातही येत नाही.

यूयूआयडीत, म्हणजे कुठेही वेगळाच ठरावा अशा लांबलचक आयडीत, ही भानगड नाही. १२८ बिट, व्हर्जन ४ या प्रकारात त्यातले १२२ रँडम. कुठल्याही मशीनवर, अगदी ऑफलाइनसुद्धा तयार करा, दुसऱ्याशी टक्कर होण्याची भीती जवळजवळ शून्य.

मग प्रायमरी की, म्हणजे टेबलातल्या प्रत्येक ओळीची मुख्य ओळख, हीच यूयूआयडी करायची का? मायएसक्यूएल डेटाबेसवर असाल तर जरा थांबा. तिथलं डेटा साठवणारं इनोडीबी इंजिन प्रायमरी कीच्या क्रमाने ओळी रचतं, सहसा १६ केबीच्या पानांत (ही वेबपानं नव्हेत, साठवणीचे तुकडे). चढता नंबर असला की नवी ओळ शेवटी जाते. रँडम की मात्र मध्येच कुठेतरी घुसते, आणि पान भरलेलं असेल तर ते फोडावं लागतं. शिवाय हीच की प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये (शोध जलद करणाऱ्या इतर यादीत) पुन्हा लिहिली जाते. बिगइंटला (मोठ्या पूर्णांकाला) ८ बाइट, बायनरी यूयूआयडीला १६, आणि बरेच जण ठेवतात तशी ३६ अक्षरं मजकूर म्हणून ठेवली तर ३६!

२०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या यूयूआयडी व्हर्जन ७ मध्ये सुरुवातीचे ४८ बिट वेळेचे असतात, त्यामुळे क्रम बऱ्यापैकी टिकतो. पण मग रेकॉर्ड कधी तयार झालं, हे आयडीवरूनच कळतं.

मला सर्वात पटतो तो ड्रुपल ८ या सीएमएसचा मार्ग: दोन्ही ठेवा. आतले संदर्भ आणि जॉइन (टेबलं जोडणं) नंबरावर, इतर प्रोग्रॅमना डेटा देणाऱ्या बाहेरच्या जेसन एपीआयमध्ये यूयूआयडी. मजकूर हलवताना संदर्भ यूयूआयडीने लिहायचे आणि पोहोचल्यावर तिथला नंबर शोधून लावायचा.

सुरक्षेचं एक सांगतो, आणि हे मनावर घ्या. ५८ नंतर ५९ कोणीही टाकून बघेल, यूयूआयडी असा ओळखता येत नाही. पण लिंक एकदा फॉरवर्ड झाली की संपलं. परवानगी तपासणारा कोड दोन्हीकडे लागतोच.

वर्डप्रेसवाल्यांनो, पोस्ट टेबलात ‘जीयूआयडी’ नावाचा कॉलम दिसेल. त्यात सहसा यूआरएल असते, त्यावर विसंबू नका. प्रायमरी कीला हात न लावता वेगळ्या मेटा फील्डमध्ये (पोस्टसोबतच्या जादा माहितीच्या रकान्यात) यूयूआयडी ठेवा. तो बनवायचं फंक्शन वर्डप्रेस ४.७ पासून कोअरमध्येच (मूळ सॉफ्टवेअरमध्येच) आहे. पोस्ट सेव्ह होताना, आधीचा नसेल तरच नवा द्या, आणि इम्पोर्ट स्क्रिप्टला नवी पोस्ट करण्याआधी तोच यूयूआयडी शोधायला लावा.