वाहनतळावरचा पडदा

(पहिली दहा सेकंदं निवेदन नाही. जमिनीलगतून: फक्कीची रेघ ओढणारे हात.)

दुपारचे ३ वाजलेत. फेब्रुवारी असला तरी ऊन टोचतंय. सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला, तीन सोसायट्यांच्या मधे उरलेली ही मोकळी जागा. एरवी इथे गाड्या लागतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी पोरं क्रिकेट खेळतात. पावसाळ्यात नुसता चिखल.

आज ज्या रेघा ओढल्या जातायत त्या क्रिकेटच्या नाहीत. पुढे सतरंज्या. त्यांच्या मागे अल्टोसारख्या बुटक्या गाड्या, मग उंच गाड्या, आणि सगळ्यात शेवटी टेम्पो. रिक्षा दोन्ही कडांना, जरा तिरप्या, म्हणजे मागच्या बाकावरच्यांनाही पडदा दिसावा.

दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत, महिन्यातून एक संध्याकाळ, इथे गाडीत बसून सिनेमा बघता येतो. तिकीट नाही, पास नाही, देणगीचा डबासुद्धा नाही. ‘ड्राइव्ह-इन’ हे नाव पोरांनी ठेवलं, भारी वाटतं म्हणून. खरं सांगायचं तर येणाऱ्यांत चारचाकीवाले कमीच. पुणं हे दुचाकींचं गाव आहे, आणि स्कूटरवर बसून कुणी अडीच तास सिनेमा बघत नाही. म्हणून सतरंज्या.

(वाशांचा ढीग. मांडववाले काका वासा खांद्यावर घेतात.)

आता हे काम नीट बघा. आख्ख्या संध्याकाळचा जीव या चौकटीत आहे.

पडदा २० फूट रुंद, ११ फूट उंच. म्हणजे २२० चौरस फूट कापड. वारा भरला की त्याचं शीड होतं. गणपतीत रस्त्यावर फ्लेक्स लावताना त्याला जागोजागी अर्धचंद्र कापतात, वारा आरपार जावा म्हणून. पडद्याला भोकं पाडून कसं चालेल? मांडवाच्या कामात उभा जन्म गेलेल्या या काकांनी त्यावर तोड काढली. वरचा काठ आणि दोन्ही बाजू सुतळीनं घट्ट. खालचा काठ मात्र सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी बांधायचा. वारा आला की कापड हातभर पुढे येतं, आणि वारा गेला की परत जागेवर. फाटत नाही, वासेही हलत नाहीत.

(दोर आवळण्याचा मूळ आवाज. सहा सेकंद.)

कापड मांजरपाटाचं. बाजारात तयार पडदे मिळतात, चांगले मिळतात, पण ते चौकटीसकट पाठीवर घेऊन जिना चढता येत नाही. मांजरपाटाचा पन्हा लहान, म्हणून पट्टे जोडून शिवावा लागतो. पहिला पडदा न धुताच शिवला होता. पहिल्या धुलाईत तो आटला आणि मधल्या शिवणीला अशा चुण्या पडल्या, की जवळून दाखवलेला प्रत्येक चेहरा म्हातारा दिसायचा. आता कापड आधी दोन दिवस भिजत घालतात, वाळवतात, मगच मशीनवर घेतात. शिवण अजूनही नायिकेच्या कपाळावरूनच जाते. त्याला इलाज नाही.

पडद्याचं तोंड पूर्वेला. हे सहज झालेलं नाही. या दिवसांत पुण्यात सूर्य साधारण साडेसहाला मावळतो, पण पश्चिमेचा उजेड त्यानंतरही बराच वेळ रेंगाळतो. पडदा पश्चिमेकडे तोंड करून उभा केला, तर तो सगळा उजेड चित्रावर येतो आणि पहिली वीस मिनिटं नुसते आवाज ऐकायचे. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा, तो काही आपल्याला बंद करता येत नाही. म्हणून चौकट अशी सरकवलीय, की दिवा बरोबर वडाच्या मागे जातो. वडाचा इतका उपयोग वटपौर्णिमेलाही होत नसेल.

(अल्टोच्या पुढच्या चाकाखाली लाकडी पाचर. जवळून.)

ही पाचर बघितलीत? गाडीचं नाक चार बोटं वर उचललं, की आतल्याची नजर पुढच्या गाडीच्या टपावरून जाते. एवढीशी युक्ती, पण ड्राइव्ह-इनचा सगळा शोध हाच. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडेनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसानं ६ जून १९३३ ला पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. त्याआधी त्यानं घराच्या आवारात गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून, चाकांखाली ठोकळे सारून, कुठली गाडी कुठे उभी केली की काय दिसतं, ते तपासलं होतं. त्यावरून प्रत्येक रांगेला उतार द्यायची कल्पना निघाली, आणि तिचं त्यानं पेटंटही घेतलं. तिकीट गाडीमागे २५ सेंट आणि वर माणशी २५ सेंट.

त्याच १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण या गावाला सिनेमा आणि मोकळी जागा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत होत्या, हे आठवलं की बरं वाटतं. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

(जुनी छायाचित्रं. मग आजची मंडई, वाहनतळाचं प्रवेशद्वार.)

आता थोडं मंडईत जाऊन येऊ. १९१५ साली इथे गंगाधर पाठकांनी आर्यन सिनेमा सुरू केला. पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी थिएटर. त्याच्या आधी सिनेमा तंबूत यायचा आणि तंबूबरोबर जायचा. आर्यन ऐंशीच्या दशकात बंद पडलं. त्या जागेवर आज काय आहे, ते समोर दिसतंय: वाहनतळ. मंडईतच मिनर्व्हा होतं. तिथेही वाहनतळ. पत्ता सांगताना लोक अजून ‘आर्यनला गाडी लाव’ म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना आर्यन काय होतं हे माहीत नसतं. गाडी लावायला जागा हवी, हे मान्य. पण दर वेळी सिनेमाचीच का?

आमच्या या जागेवर उलटं चाललंय. वाहनतळ आहे, त्याचं थिएटर करायचं. एका संध्याकाळपुरतं.

(परत मैदान. काका विडी विझवून बोलतात. त्यांचा आवाज मूळ ठेवावा.)

काका साताऱ्याकडचे. लहानपणी पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत त्यांनी तंबूतला सिनेमा बघितला. तंबूचं कापड खालून उचलून आत शिरायचं, आणि राखणदारानं पाय धरून ओढलं तर चप्पल तिथेच सोडून पळायचं. पुण्यात आल्यावर गणपतीत रस्त्यावर पडदा लागायचा, तो त्यांनी स्वतः कितीदा तरी बांधला. तेव्हा लोक दोन्ही बाजूंना बसायचे. मागच्या बाजूनं बघणाऱ्यांना नायक डावखुरा दिसायचा, नावं उलटी यायची, आणि कुणाची तक्रार नसायची.

म्हणून आमच्याही पडद्यामागे काळं कापड नाही. तंत्राच्या हिशेबानं ही चूक आहे. काळं कापड लावलं तर उजेड मागे निघून जात नाही, पुढचं चित्र ठसठशीत दिसतं. पण मागे बसायला जागा होती, पोरं आधीच जाऊन बसली होती, आणि त्यांना उठवायला कुणी तयार नव्हतं.

प्रोजेक्टर एका वेगळ्या टेम्पोच्या हौद्यात, पडद्यापासून ३० फुटांवर. म्हणजे सतरंज्यांच्या मागे आणि गाड्यांच्या पुढे. याचा एक तोटा लवकरच दिसेल. जनित्र टाकीच्या पलीकडे, भिंतीआड.

आवाजाचं मात्र सोपं नव्हतं. परदेशात गाडीतल्या रेडिओवर आवाज येतो, तसं करावं असं सगळ्यांच्या मनात होतं. पण आपल्याकडे एफएमवर काहीही प्रसारित करायचं तर परवाना लागतो, यंत्र कितीही लहान असो. तो विषय तिथेच संपला. मग मोठे भोंगे? अमेरिकेतही सुरुवातीला पडद्यापाशी मोठे भोंगेच होते आणि शेजारपाजारचे वैतागले होते. पुढे प्रत्येक गाडीला खिडकीत अडकवायचा छोटा स्पीकर आला. आम्ही मधला मार्ग काढला. छोटे आठ स्पीकर, रांगांच्या मधे, खुर्च्यांवर ठेवलेले. आवाज बेताचा, आणि गाडीच्या काचा खाली. काचा खाली म्हणजे एसी नाही, एसी नाही म्हणजे इंजिन बंद, आणि इंजिन बंद म्हणजे सतरंजीवरच्यांच्या नाकात धूर नाही. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा कायदा सगळ्यांना लागू आहे, आम्हालाही. म्हणून सव्वासातला सुरू. मध्यंतर दहाच मिनिटांचं, पावणेदहाच्या आत सगळं संपलेलं.

पोलिसांची परवानगी, आग विझवायची नळकांडी, सिनेमाच्या हक्कांची कागदपत्रं, हे सगळं होतं. ते चित्रित करण्यासारखं नव्हतं.

(६ वाजता. गाड्या आत येतात. मुलं शिट्ट्या मारतात.)

गाड्या लावायचं काम पोरांकडे. ‘काका, अजून थोडी डावीकडे. बस, बस, बस.’ मोठ्या माणसांना हुकूम सोडायची संधी एरवी कुठे मिळते?

नव्या गाड्यांचं एक दुखणं आहे. त्यांतल्या काहींचे पुढचे छोटे दिवे सहजासहजी विझत नाहीत. त्यावर घालायला गोणपाटं आणून ठेवलीयत. ती गाडी बघा, चाळीस हजारांचा रंग आणि नाकावर बटाट्याचं पोतं.

खायचं ज्यानं त्यानं आणायचं. डब्यात भडंग आहे, चकल्या आहेत, एका घरून आख्खं पातेलं भरून मटकीची उसळ आलीय. फाटकाबाहेर भेळेची गाडी आपोआप येऊन उभी राहते, तिला बोलवावं लागत नाही. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नचा भाव तुम्हाला माहीत आहे, तो इथे सांगत नाही.

(सतरंजीवरून सावकाश.)

या तिघी एकाच सोसायटीतल्या. दोघी राहायला, एक कामाला. पलीकडे वॉचमन आणि त्यांचं कुटुंब. डोक्यावर मफलर घेतलेले आजोबा, यांनी पहिल्याच खेळाला आवाजाची तक्रार केली होती. तो खेळ मध्यंतरातच थांबवावा लागला. आता त्यांची खुर्ची ठरलेली आहे, दुसऱ्या स्पीकरजवळ.

(अंधार. प्रोजेक्टर चालू होतो. पडद्यावर मुलांच्या हातांची सावली: हरीण, कुत्रा, मग कुणाचं तरी डोकं.)

तोटा म्हटलं होतं, तो हा.

सिनेमा कुठला, हे आम्ही सांगणार नाही आणि त्यातलं एकही दृश्य इथे दिसणार नाही. खेळ दाखवायचे हक्क मिळाले, त्याचं चित्रीकरण दाखवायचे नाहीत. सिनेमा प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं त्याचे हक्क निर्मात्याकडे राहतात, खेळ फुकट असला तरी. म्हणून कॅमेरा पडद्याकडे पाठ करून उभा आहे.

(दोन मिनिटं निवेदन नाही. फक्त चेहरे. पडद्यामागच्या पोरांपासून सुरुवात.)

(मध्यंतर. दिवे. चहाचा थर्मास फिरतो.)

कोपऱ्यातला हा पत्रा या महिन्यात लागलाय. इथे इमारत येणार. मे नंतर जागा नाही. दुसरी शोधतोय.

(उत्तरार्ध. वाऱ्यानं पडदा फुगतो, परत जागेवर येतो.)

काकांनी ट्यूबकडे बघितलं, सिनेमाकडे नाही.

(९ वाजून ४० मिनिटं. दिवे लागतात.)

गाड्या मागच्या रांगेपासून निघतात, घाई नाही. एकीची बॅटरी उतरलीय, मालकानं आतला दिवा चालू ठेवला होता. ढकलायला आठ जण धावले, त्यात मफलरवाले आजोबाही. त्यांना बाजूला काढायला वेगळे दोन.

पडदा लगेच घडी घालून ठेवायचा नाही. रात्रीच्या दवानं कापड ओलसर झालेलं असतं, तसंच गुंडाळलं तर महिनाभरात बुरशीचे डाग. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर दोरीला टाकायचा. चार मजले, लिफ्ट नाही.

(जिन्यातून पडदा वर नेणारे चौघं. मागून एक मुलगी, तिच्या हातात उरलेली सुतळी.)

(सकाळ. ७ वाजता. तीच जागा, वरून.)

कालच्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत. अल्टोची रांग जिथे होती, तीच क्रीज धरून पोरं खेळतायत.