वल्हं हातात असलं की

मित्रहो, आज ज्या सांताक्रूझबद्दल बोलणार आहे ते मुंबईचं नव्हे, कॅलिफोर्नियाचं. तिथे वेस्ट क्लिफ ड्राइव्हवर दीपगृहापाशी कठड्याला टेकून खाली पाहिलं की स्टीमर लेन ही सर्फिंगची जागा दिसते. १८८५ मध्ये हवाईच्या तीन राजपुत्रांनी याच गावात, सॅन लॉरेन्झो नदीच्या मुखाशी, रेडवुडच्या फळ्यांवर उभं राहून लाटा घेतल्या. दीपगृहात आता सर्फिंगचं संग्रहालय आहे. म्हणजे या पाण्यावर बोर्डवाल्यांचं घर जुनं आहे. मी सॅन होजेला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, बांधून घाट उतरून तिथे जातो. त्या घरी मी पाहुणा आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

सर्फरांचा मूळ नियम एकच. लाट जिथे फुटायला लागते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. बाकीच्यांनी थांबायचं. बाहेरून पाहणाऱ्याला रांग दिसत नाही, पण ती असते. कोण किती वेळ बसलाय, कोणाची मागची लाट हुकली, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं.

आता त्यात कयाक घाला. बोर्डवाला पोटावर झोपून हातांनी पाणी कापतो, त्यामुळे लाट उभी राहून फुटायच्या बेतात येईपर्यंत ती त्याला पकडता येत नाही. माझ्या हातात वल्हं आहे. मी पन्नास पावलं पलीकडे, खोल पाण्यात बसतो आणि लाट नुसती फुगत असतानाच तिच्यावर स्वार होतो. तो उठून उभा राहतो तेव्हा मी आधीच त्या लाटेवर, फुटायच्या जागेच्या त्याच्याहून जवळ असतो. नियमाने पाहिलं तर लाट माझी! पण हा नियम हातांनी पोहणाऱ्या माणसांनी आपसात ठरवलेला आहे. वल्हं हातात असताना त्या नियमाचा आधार घेणं म्हणजे पायी वारीत मोटारीने पुढे जाऊन पहिलं दर्शन घेणं. आणि लाट संपली की मी दोन मिनिटांत परत बाहेर हजर, तो अजून फेसाशी झगडतोय. तासाभरात मी आठ लाटा घेतो, त्याला दोन मिळतात. भांडण इथून सुरू होतं.

एका सकाळी मिडल पीकला, म्हणजे लेनवरच्या लाट फुटायच्या एका जागी, माझी कयाक लाटेवर आडवी झाली. आडवी कयाक वळत नाही, लाट नेईल तिकडे फरफटत जाते. समोर एक मुलगा बोर्ड घेऊन बाहेर येत होता. तो बोर्ड सोडून पाण्याखाली गेला, कयाक त्याच्या डोक्यावरून गेली. वर आल्यावर त्याने बोर्ड ओढून घेतला. कडेला मुठीएवढी खोक पडली होती. तो ओरडला नाही. माझ्या वल्ह्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला की तुझ्याकडे हे आहे, माझ्याकडे फक्त हात आहेत. बोर्डची भरपाई मी दिली. ते वाक्य मात्र अजून फिटलेलं नाही.

कयाकवाल्यांचंही खरं आहे. नीट वागणाऱ्यालाही शिव्या बसतात. अनेक वर्षं मार्चमध्ये लेनवर कयाकचा महोत्सव भरायचा, तेव्हा स्थानिक सर्फर संतापायचे, आणि तो राग पुढे एकट्यादुकट्या वल्हेकऱ्यावर निघायचा. हे मला मान्य नाही. तरी समजुतीचं पहिलं पाऊल आपणच उचललं पाहिजे, कारण जास्तीची ताकद आपल्याकडे आहे.

तुमच्यातले जे कोलाडला कुंडलिकेत कयाक चालवतात त्यांना नदीवरचा हिशेब सोपा वाटेल. मॉन्ट्रियलला सेंट लॉरेन्स नदीत हॅबिटॅट ६७ या इमारतीमागे एक लाट जागच्या जागी उभी असते. तिच्यावर आधी कयाकवाले खेळत होते, २००२ पासून बोर्डवाले आले. तिथे कडेच्या संथ पाण्यात उघड रांग लागते. समुद्रात ती रांग मनातच धरावी लागते.

म्हणून मी एक लाट घेतली की पुढच्या दोन सोडतो, नजर मिळाली की हाताने ‘घे’ म्हणतो. शेजारच्या कॉवेल्स किनाऱ्याला नवशिके आणि पोरं असतात, तिथे कयाक नेतच नाही. पाणी भरलेली कयाक शे-दीडशे किलोचा धोंडा होते. उलटलो तर आधी मोठ्याने ओरडतो आणि समुद्राच्या बाजूला राहून तिला धरून ठेवतो. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी कठड्यापाशी दहा मिनिटं उभा राहून डोकी मोजतो. मिडल पीकला डझनापेक्षा जास्त दिसली तर टपावरचे पट्टे सोडत नाही.