टेपवरची दुपार

(दृश्य: महामार्गावर धावणारी गाडी. मागच्या सीटवर रचून ठेवलेले टेपांचे डबे.)

१९८० सालची इटली. मिलानहून निघालेल्या गाड्यांमध्ये व्हिडिओ टेपा आहेत. देशभरातल्या छोट्या छोट्या टीव्ही केंद्रांवर त्या पोचवायच्या आहेत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी प्रत्येक केंद्रात कोणीतरी डबा उघडेल आणि टेप यंत्रात सरकवेल. मग तोरिनोपासून सिसिलीपर्यंत घराघरांत एकच कार्यक्रम सुरू होईल.

हा खटाटोप कायद्यामुळे करावा लागत होता. १९५४ पासून इटलीत टीव्ही म्हणजे सरकारी 'राई'. १९७६ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने खासगी केंद्रांना परवानगी दिली, पण आपापल्या भागापुरतीच. सगळ्या देशाला एकाच वेळी थेट दाखवण्याचा हक्क राईकडेच राहिला. सिल्व्हिओ बर्लुस्कोनी तेव्हा बांधकाम व्यावसायिक होते. त्यांनी मिलानशेजारी उभारलेल्या 'मिलानो दुए' वसाहतीत १९७४ मध्ये केबलवरचं एक इवलंसं केंद्र सुरू झालं होतं. १९८० मध्ये त्याचंच 'कनाले ५' झालं. थेट प्रक्षेपण करता येत नव्हतं, म्हणून टेपा गाडीत घातल्या गेल्या.

मला वाटतं, त्या काळातले कार्यक्रम या टेपनेच घडवले. गाडीतून चार दिवसांनी पोचणारी बातमी शिळी होते. हसू शिळं होत नाही. प्रश्नमंजूषा, मालिका, कार्टून हेही टिकतात. म्हणून पडद्यावर तेच आलं, आणि भरभरून आलं.

माइक बोंजोर्नो हे नाव इटलीत कोणालाही विचारा. राईच्या अगदी पहिल्या दिवशी पडद्यावर दिसलेला हा माणूस. १९५५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रश्नमंजूषेच्या वेळी चित्रपटगृहंसुद्धा खेळ थांबवून पडद्याशेजारी टीव्ही लावत, नाहीतर प्रेक्षकच यायचे नाहीत. एवढा मोठा माणूस खासगी टीव्हीकडे वळला, तेव्हा लोकांचा त्या टीव्हीवर विश्वास बसला. दोन्ही हात उंचावून ते म्हणायचे, "आलेग्रिया!" म्हणजे आनंद! १९८९ पासून ते 'नशिबाचं चक्र' हा अक्षरं ओळखण्याचा खेळ घेऊ लागले. मधेच खेळ थांबायचा, आणि अक्षरांच्या फळ्यासमोरून उठून माइक त्याच उत्साही आवाजात डुकराच्या मांसाचं, हॅमचं, कौतुक सुरू करायचे. जाहिरात कुठे सुरू झाली आणि खेळ कुठे संपला, हे कळायचंच नाही. हा टीव्ही जगत होता तो त्या हॅमवर, हे विसरून चालणार नाही.

राईच्या वेळापत्रकात सकाळ जवळजवळ रिकामी असायची. खासगी वाहिन्या नेमक्या तिथे शिरल्या. १९८२ मध्ये कनाले ५ वर ऐन जेवणाच्या वेळी सूत्रसंचालक कोर्रादो यांचा खेळ सुरू झाला. नाव होतं 'जेवण वाढलंय'. स्पर्धकाने जिंकायचं काय, तर एकेक पदार्थ मिळवत पूर्ण जेवण. घरात एकट्याने जेवणाऱ्या म्हातारीसमोर ताट असायचं, आणि समोरच्या पडद्यावरही.

आणि मुलं! त्यांच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. एकेकाळी इटलीतली मुलं 'कारोसेल्लो' हा जाहिरातींचा छोटा कार्यक्रम बघून झोपायला जायची. मुलांचा दिवस तिथे संपायचा. आता इतालिया १ या वाहिनीने त्यांना अख्खी दुपार देऊन टाकली. 'बिम बुम बाम' सुरू झालं. मेजामागे तरुण पाओलो बोनोलिस, आणि शेजारी उआन नावाचा गुलाबी कुत्रा. कुत्रा म्हणजे हातात घालायची बाहुली. तिला आवाज होता जानकार्लो मुरातोरी यांचा. उआन बोनोलिसला उलट उत्तरं द्यायचा, आणि शाळेतून आलेल्या मुलांना तो आपला वाटायचा. मधूनमधून जपानी कार्टून. त्यांची शीर्षकगीतं गायची बोलोन्याची क्रिस्तिना दावेना. ती गाणी आज चाळिशी-पन्नाशीतले लोक तिच्या कार्यक्रमांना गर्दी करून, एकही शब्द न चुकता म्हणतात.

(दृश्य: काळा पडदा. काही क्षण शांतता.)

१६ ऑक्टोबर १९८४. तोरिनो, रोम आणि पेस्काराच्या न्यायाधीशांनी आदेश दिले, आणि त्या भागांत बर्लुस्कोनींच्या कनाले ५, इतालिया १ आणि रेते ४ या तिन्ही वाहिन्या बंद पडल्या. न्यायाधीशांचा आक्षेप स्थानिक प्रसारणाला नव्हता. टेपांच्या आडून देशभर एकच वाहिनी चालते, याला होता. कायद्याच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगतो. पण घरात काय झालं? 'डॅलस' ही अमेरिकी मालिका गेली. आणि पुफी गेले. पुफी म्हणजे आपण ज्यांना स्मर्फ म्हणतो, ते निळे बुटके. मुलं रडली, आईबाप चिडले. चारच दिवसांत, २० ऑक्टोबरला, पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी वाहिन्या पुन्हा सुरू करणारा अध्यादेश काढला. नोव्हेंबरमध्ये संसदेने तो फेटाळला, डिसेंबरमध्ये दुसरा आला, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये त्याचा कायदा झाला. क्राक्सी आणि बर्लुस्कोनी यांची मैत्री जगजाहीर होती. मुलांच्या रडण्याचा असा वापर झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच सुमारास 'ड्राइव्ह इन' हा विनोदी कार्यक्रम गाजत होता. १९८३ ते १९८८, लेखक अंतोनिओ रिची. झटपट प्रसंग, ध्वनिमुद्रित हशा, विनोदी कलाकार एज्जो ग्रेज्जो, पुढे रहस्यकथाकार म्हणून नाव कमावलेला जॉर्जो फालेत्ती. विनोद खरोखर धारदार होता. पण अवतीभवती तोकड्या कपड्यांतल्या मुली नुसत्या सजावटीसारख्या उभ्या केल्या जायच्या. ती सवय पुढे कित्येक वर्षं इटालियन टीव्हीला चिकटून राहिली.

रिचींनीच १९८८ मध्ये 'स्त्रिश्शा ला नोतीत्सिया' आणलं, बातमीपत्राचं विडंबन. त्यात बातम्यांचे कागद घेऊन येणाऱ्या मुलींना 'वेलिने' म्हणत. हा शब्द मुळात मुसोलिनीच्या काळातला. काय छापायचं आणि काय नाही, याचे सरकारी हुकूम ज्या पातळ कागदांवर वर्तमानपत्रांना यायचे, त्या कागदांचं ते नाव.

विडंबन आधी आलं, खरं थेट बातमीपत्र नंतर. १९९० च्या कायद्याने वाट मोकळी केल्यावर १६ जानेवारी १९९१ ला इतालिया १ वर 'स्तुदिओ आपेर्तो' सुरू झालं. आखाती युद्ध पेटलं ते त्याच रात्री. वृत्तनिवेदक एमिलिओ फेदे पडद्यावर आले आणि बगदादवर बॉम्ब पडू लागल्याची बातमी त्यांनी राईच्या आधी देशाला सांगितली. थेट. गाडीत डबा नव्हता, कुठल्याही केंद्रावर टेप सरकवायची नव्हती.