आपल्या ताटातलं, आपल्या डब्यातलं

नमस्कार श्रोतेहो.

कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. गोष्ट भक्तीची आहे, तिच्यात पशुवैद्याने नाक खुपसू नये हे मला कळतं. पण धंद्याची सवय वाईट. तुपाची वाटी म्हटली की मला कुत्र्याचं स्वादुपिंड आठवतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाठ वाकवून उभा असलेला, उलट्यांनी बेजार झालेला एखादा गुबगुबीत कुत्रा हमखास येतो. काय खाल्लं विचारावं तर उत्तर ठरलेलं: "विशेष काही नाही हो डॉक्टर, आपलं नेहमीचंच." एकदम खूप तूप-तेल पोटात गेलं तर काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं, आणि ते दुखणं साधं नसतं. कधी कधी जिवावर बेततं.

आज बोलायचंय ते या "आपलं नेहमीचं"बद्दल. घरच्या कुत्र्याचा छळ करणारी माणसं असतात, नाही असं नाही. पण माझ्या टेबलापर्यंत येतात ती बहुतेक जीव लावणारी. कुत्रा आपल्यात राहतो, आपलं बोलणं ओळखतो, आपण रागावलो की कोपऱ्यात जाऊन बसतो. मग त्याचं शरीरही आपल्यासारखंच चालत असणार, असं आपण न बोलता धरून चालतो. तिथे घोटाळा होतो.

तापाचंच घ्या. कुत्र्याचं अंग हाताला गरम लागतं, कारण त्याचं निरोगीपणीचं तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्याला १०२ भरला की घरात मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या सुरू होतात. कुत्रा १०२ वर अंगणात चेंडूमागे पळत असतो. नाक कोरडं म्हणजे ताप, हा आणखी एक पक्का समज. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक बऱ्याचदा कोरडंच असतं. ताप बघायचा तर साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, टोकाला थोडं खोबरेल लावून तो शेपटीखाली, गुदद्वारात हलकेच सरकवावा. हा थर्मामीटर वेगळा ठेवा आणि त्यावर कुत्र्याचं नाव लिहा. मी हे का सांगतोय ते तुमच्या लक्षात आलं असेल.

तर अंग गरम लागलं आणि हात गेला औषधाच्या डब्याकडे. पॅरासिटामोल लहान बाळालाही देतात, मग याला द्यायला काय हरकत? हरकत अशी, की तीन-चार किलोच्या पॉमेरेनियनला मोठ्या माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे यकृताला विषबाधा होईल इतका डोस. मांजराला तर त्या गोळीचा तुकडाही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची औषधं आणखी वाईट. पोटात जखमा होतात, शी डांबरासारखी काळी पडते, मागोमाग किडन्या बसतात. डायक्लोफिनॅक हे नाव तुम्ही गिधाडांच्या संदर्भात ऐकलं असेल. औषध दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. म्हणून २००६ मध्ये आपल्या देशात जनावरांसाठी त्याचा वापर बंद झाला. माणसांसाठी ते अजून मिळतं, गुडघ्याला चोळायच्या मलमांतही असतं. आजोबा मलम लावून खुर्चीत बसतात आणि कुत्रा प्रेमाने त्यांचे पाय चाटतो. आजोबांनी गुडघे झाकून बसावं, एवढंच.

आता स्वयंपाकघर. नाशिक, सांगली, तासगाव इथल्या श्रोत्यांनी जरा कान देऊन ऐकावं, कारण विषय द्राक्षांचा आणि बेदाण्यांचा आहे. द्राक्षं खाऊन कुत्र्यांच्या किडन्या बंद पडतात हे पशुवैद्यांना बरीच वर्षं माहीत होतं, पण का, ते सुटत नव्हतं. एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राही, दुसरा थोडक्यात जाई. २०२१ मध्ये अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणाऱ्या पशुवैद्यांना एक धागा सापडला. केकमध्ये घालतात ती क्रीम ऑफ टार्टर नावाची पूड खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणं द्राक्षं खाल्लेल्या कुत्र्यासारखीच होती. या दोन्हींत समान काय, तर टार्टारिक आम्ल. आपल्या किडन्या ते बाहेर टाकतात, कुत्र्याच्या किडन्यांना ते नीट जमत नाही असं दिसतं. द्राक्षाची जात आणि पिकण्याची अवस्था बदलली की आम्लाचं प्रमाण बदलतं, म्हणून कधी काही होत नाही आणि कधी कुत्रा हातचा जातो. किती दाणे चालतील याचा हिशेब त्यामुळे मांडताच येत नाही. मी तरी कुणाला मांडून देत नाही.

हे आम्ल आपल्या घरात आणखी कशात भरपूर असतं, ओळखा. चिंचेत. चिंच खाऊन कुत्र्यांच्या किडन्या बिघडल्याच्याही नोंदी आहेत. आमटीचा एखादा थेंब भाताला लागला म्हणून रात्री फोन करू नका. पण चिंचा फोडायच्या दिवसांत अंगणभर त्या पसरलेल्या असतात, कोकणात-गोव्यात मीठ लावलेले चिंचेचे गोळे फडताळात असतात, तिथे कुत्र्याला मोकळं सोडू नये. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यातच आले. प्रसाद नाकारायचा कसा, असं एका आजींनी मला विचारलं होतं. म्हटलं, बेदाणे वेचून तुम्ही खा, त्याला रव्याचा एक घास पुरे. द्राक्ष-बेदाणे खाल्लेला कुत्रा पहिल्या दिवशी उलट्या करतो, मलूल होतो, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत होत थांबते. उलटी झाली म्हणजे सगळं पडून गेलं असं समजून लोक निवांत होतात. धावपळ करायची ती त्याच वेळी, खाल्ल्यापासून पहिल्या काही तासांत.

कांद्या-लसणाचं दुखणं उलटं आहे, ते उशिरा कळतं. कांद्यातल्या घटकांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा कच्चा असो, शिजवलेला असो की मसाल्यात वाटलेला, फरक पडत नाही. किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तात बिघाड करायला पुरतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला मध्यम आकाराचे दोन कांदे. रोज थोडा थोडा गेला तरी त्याचा परिणाम साठत जातो. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या दिसतात, लघवी गडद होते, कुत्रा जिना चढताना दमतो, आणि चार दिवसांपूर्वीचं जेवण कुणाच्या डोक्यातही नसतं. कोल्हापूरकरांनी राग मानू नये, पण तांबडा असो की पांढरा, रस्सा कुत्र्यासाठी नाही.

चॉकलेट वाईट हे आता शाळकरी मुलंही सांगतात. जितकं काळं, तितकं वाईट. झायलिटॉल मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. काही साखरविरहित च्युइंगममध्ये, टूथपेस्टमध्ये ही गोडी असते. कुत्र्याच्या शरीरात तिच्यामुळे एकदम इन्शुलिन सुटतं, अर्ध्या-एक तासात साखर उतरते, झटके येतात. मधुमेही माणसाच्या उशाजवळचं पाकीट म्हणून वरच्या फळीवर ठेवा.

मग द्यायचं काय, असं तुम्ही म्हणाल. बिनमसाल्याचं उकडलेलं अंडं द्या, भात आणि उकडलेली कोंबडी द्या, पण हाडं काढून. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या निघतात आणि आतड्यात रुततात. भाकरी चालते, पण नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू वाढवलं तर पाय वाकतात. त्याला प्रथिनं हवीत आणि कॅल्शियम मोजून हवं. मोठ्या कुत्र्याला तर दुधाने बऱ्याचदा हगवणच लागते.

डब्यातून आणि ताटातून आता गोठ्यात येऊ. गोचिडांवर रॉकेल चोळणं, गाईसाठी आणलेलं फवारणीचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतणं, हे गावोगाव चालतं. रॉकेलने कातडी भाजते. गाईच्या औषधाचा डोस चुकला तर कुत्रा लाळ गाळत आडवा होतो. त्यातून अंगावर दिसतात त्या गोचिडी थोड्याच असतात. पोट भरलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या भेगेत, पलंगाच्या सांध्यात हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणून फक्त कुत्रा धुऊन भागत नाही, भेगा लिंपाव्या लागतात, बसायची पोती उन्हात टाकावी लागतात. त्याच्या वजनाला बेतलेली गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब मिळतात, ते वजन करूनच घ्या. दुर्लक्ष केलं तर बबेसिया, एर्लिकिया असे रोग गोचिडीतून रक्तात शिरतात. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, चहाच्या रंगाची लघवी, यातलं काहीही दिसलं तर रक्त तपासून घ्या.

लसीबद्दल थोडक्यात. पिल्लाला पार्व्होची, म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूवरची, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत. एका सुईवर थांबू नका. आईकडून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या लसीला कामच करू देत नाही, म्हणून पुढचे डोस लागतात. घरात पार्व्होने एक पिल्लू गेलं असेल तर लगेच दुसरं आणू नका. तो विषाणू जमिनीवर महिनोन्महिने तग धरतो आणि फिनाईलला दाद देत नाही. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी. आणि लस दिलेला घरचाच कुत्रा चावला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरांकडे जा. हळद-चुना भरू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

राहिली साखळी. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर ती मालकाने केलेली क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा दंड ऐकून हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा. पण जुन्नर, अकोले, संगमनेर भागातल्या श्रोत्यांसाठी साखळीचा अर्थ वेगळाच आहे. अकोले परिसरातला बिबट्याच्या आहाराचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसाचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. राखणीसाठी म्हणून रात्री ओट्यावर बांधलेला कुत्रा ना पळू शकतो, ना लढू शकतो. आणि त्याच्या मागावर बिबट्या दारापर्यंत येतो, जिथे पहाटे मुलं उठून बाहेर जातात. जाळीचं दार असलेल्या, वर छप्पर असलेल्या खोलीत रात्री कुत्रा मोकळा ठेवा. भुंकायचं ते तो आतूनही भुंकतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. कुत्र्याने नको ते खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मीठच त्याला भोवतं. ताक नको, तेल नको. फोन उचला आणि चार गोष्टी सांगा: काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन. उंदराचं औषध असेल तर ते आवर्जून सांगा. त्याने रक्तस्राव सुरू व्हायला दोन-चार दिवस लागतात, तोवर कुत्रा खेळत असतो, आणि त्यातल्या बऱ्याच औषधांवर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आमच्याकडे आहे. फक्त नेमकं कोणतं औषध ते कळायला हवं. तेव्हा येताना ते फाटलेलं पाकीट कचऱ्यातून शोधून सोबत आणा.

नमस्कार.