सर, खाडा धरला नाही तुम्ही

नमस्कार, श्रोतेहो.

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावात ट्रॅक्टर लागतात. पत्रे, भांडीकुंडी, शेळी, लेकरं, सगळं ट्रॉलीत चढतं आणि ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतं. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, वर्ग निम्मा रिकामा.

मी बरीच वर्षं पुस्तकातलीच उदाहरणं घालायचो. पोरं सोडवायची आणि विसरायची. एका साली दसऱ्याआधी फळ्यावर लिहिलं : ‘एका कोयत्याने मुकादमाकडून १ लाख रुपये उचल घेतली.’ वर्ग एकदम गप्प झाला. मुकादम म्हणजे मजूर गोळा करणारा ठेकेदार, उचल म्हणजे त्यानं दिलेली आगाऊ रक्कम आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघांना मिळून एकच नाव आणि तेही हत्याराचं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. रोज २ टन ऊस तोडला, तर उचल किती दिवसांत फिटेल? दर पोरांनीच सांगितला. मी भागाकार करून उत्तर लिहिलं, तशी सहावीतली एक मुलगी उभी राहिली.

“सर, खाडा धरला नाही तुम्ही.”

आदल्या हंगामात तिची आई तापानं कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, पडून होती. काम तर बुडालंच, वर खाड्याचे, म्हणजे बुडालेल्या दिवसांचे, पैसे अंगावर आले. तिनं फळ्याशी येऊन ते मांडलं. माझं उत्तर चुकलं होतं.

त्या दिवसापासून मी गावाला विचारून शिकवू लागलो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. माणशी किती आलं? जेमतेम सव्वा लिटर. हा भागाकार केल्यावर पोरांनी घरून आजीला विचारून आपल्या आडाची, बारवेची माहिती आणली. कुठल्या आडावर कोणाला पाणी भरू देत नव्हते, तेही त्यात आलं. ते मी खोडायला लावलं नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठं बसतं? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशोबाबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान मागितलं होतं. मला वाटतं, ती मागणी आमच्या वर्गापर्यंत यायला फार उशीर झालाय.

ती मुलगी यंदा गावातच, आजीपाशी राहिली आहे. वडिलांनी निघताना उचलीचा आकडा तिच्या वहीत लिहून घेतला आणि त्याखाली मुकादमाची सही घेतली. रोज रात्री उसाच्या फडावरून फोन येतो. आई टनाचा आकडा सांगते, ही तारीख घालून लिहिते. एका रकान्याला तिनं नाव दिलंय : खाडे. काल वही पाहिली, तेव्हा त्यात तीन दिवस भरलेले होते.