मुंबई ३९ मिनिटं मागे होती तेव्हा

घड्याळात बारा वाजलेत पण मुंबईत सूर्य अजून माथ्यावर आलेला नाही, त्याला सरासरी ३९ मिनिटं तरी लागतात. कारण आपण वापरतो ती वेळ मुंबईची नाहीच, ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची आहे.

हिशोब सोपाय. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून जितकं पूर्वेला जाल तितकी दुपार लवकर, नागपूरला मुंबईच्या २५ मिनिटं आधी, कोलकात्याला तर तासभर. आधी प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चालायचं आणि कुणाचंच काही अडत नव्हतं, बैलगाडीने जाणाऱ्याला पाच-दहा मिनिटांचं काय. मग रेल्वे आली. एकाच रुळावरच्या दोन ड्रायव्हरांची घड्याळं वेगळी असतील तर काय होणार ते सांगायला नको, म्हणून इथल्या रेल्वेनी मद्रास टाइम धरला, तिथल्या वेधशाळेतून तारेने वेळ कळवायचे. म्हणजे मुंबईत स्टेशनची वेळ शहराच्या अर्धा तास पुढे! १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसननी हीच वेळ सरकारी कामकाजाला लावायचा हुकूम काढला, पण शहर काही बधलं नाही.

१८८४ ला वॉशिंग्टनमध्ये २५ देश जमले, ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य ठरलं, आणि १ जानेवारी १९०६ पासून भारतात ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ सुरू झाली.

आता बघा, ऐन थंडीत गिरणीचा भोंगा अचानक ३९ मिनिटं आधी वाजणार, म्हणजे कामगाराने अंधारातच घर सोडायचं. कामगार भडकले, कामं थांबली. त्यात बंगालच्या फाळणीचा राग ताजा, त्यामुळे हे नवं घड्याळ म्हणजे सरकारची आणखी एक जबरदस्ती असंच लोकांना वाटलं, आणि मला विचाराल तर त्यात त्यांचं फार चुकलं नव्हतं. फिरोजशहा मेहतांसारखे दिग्गज महापालिकेत होते, पालिकेने बॉम्बे टाइमच धरून ठेवला आणि तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला.

हा वाद संपलाय असं समजू नका. आसामच्या चहामळ्यांत आजही 'बागान टाइम' चालतो, भारतीय वेळेच्या एक तास पुढे, कारण तिकडे उजाडतंच लवकर. ईशान्येतले लोक कधीपासून वेगळा झोन मागतायत, आणि नको म्हणणारे पुन्हा रेल्वेचंच कारण सांगतात, हद्दीवर वेळ बदलली की गाड्यांचा घोळ होईल म्हणून.